हवालदाराने कोणाचं ऐकायचं?

प्रश्न : पोलीस खात्यात उभी हयात गेली, त्यातली निम्मी वॉरंटं बजावण्यात. परवा नातीचं नागरिकशास्त्र घेत होतो. ‘कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ एकमेकांवर अंकुश ठेवतात’ हे वाक्य तिने पाठ म्हणून दाखवलं आणि मलाच विचारलं, “आजोबा, विधानसभा म्हणाली याला धरून आणा, आणि हायकोर्ट म्हणालं हात लावू नका, तर तुम्ही काय केलं असतं?” मला काही सांगता आलं नाही. असं कधी घडतं का? आणि घडलं तर हवालदाराने कोणाचं ऐकायचं?
– एक निवृत्त हवालदार, कराड

उत्तर : हवालदारसाहेब, नातीला सांगा की घडलं आहे, आणि तिने कल्पना केली त्याच्या एक पायरी वर जाऊन घडलं आहे. विधानसभेने ज्यांना धरून आणायला सांगितलं ते हायकोर्टाचे दोन विद्यमान न्यायमूर्ती होते. साल १९६४, गाव लखनौ.

सुरुवात झाली एका पत्रकावरून. निवडणुकीच्या आसपास तालुक्याच्या गावात चहाच्या टपरीवर पडलेलं असतं ना, तसलं. गोरखपूरचा केशव सिंह नावाचा समाजवादी कार्यकर्ता आणि त्याचे दोन सोबती यांनी ते छापलं. मजकूर एका काँग्रेसच्या आमदाराच्या ‘काळ्या कारनाम्यां’बद्दल. पत्रक गोरखपुरात वाटलं, लखनौला विधानभवनाच्या आसपासही वाटलं. आमदारांनी हक्कभंग आणला, प्रकरण विशेषाधिकार समितीकडे गेलं आणि सभागृहाने ठरवलं की तिघांना समज द्यावी. समज देणं म्हणजे सभागृहापुढे उभं करून अध्यक्षांनी चार शब्द सुनावणं. दोघे १९ फेब्रुवारीला आले, खाली मान घालून ऐकून गेले. केशव सिंह आला नाही. लखनौला यायला गाडीभाडं नाही, म्हणाला.

शेवटी १४ मार्चला त्याला धरून आणलं. तो सभागृहात अध्यक्षांकडे पाठ करून उभा राहिला. नाव विचारलं, पुन्हा विचारलं, तोंड उघडलं नाही. त्याआधी त्याने अध्यक्षांना एक पत्रही धाडलं होतं. त्याचा मतलब असा, की भ्रष्टाला भ्रष्ट म्हणायला मला कसलाही संकोच नाही, पत्रकातलं सगळं खरं आहे आणि तुमचा हुकूम नादिरशाही आहे. चार शब्द ऐकून सुटला असता तो माणूस. मुख्यमंत्री सुचेता कृपलानींनी ठराव मांडला, सभागृहाने संमत केला आणि केशव सिंहची सात दिवसांसाठी तुरुंगात रवानगी झाली.

इथवर हे हक्कभंगाचं नेहमीचं प्रकरण होतं. १९ मार्चला, शिक्षेचे दोनेक दिवस उरलेले असताना, सॉलोमन नावाच्या वकिलांनी हायकोर्टाच्या लखनौ खंडपीठापुढे अर्ज केला की ही कैद बेकायदा आहे. पीठावर न्या. नसिरुल्ला बेग आणि न्या. जी. डी. सहगल. सरकारी वकील दोन वाजता हजर होते, तीन वाजता सुनावणी घ्यायचं त्यांच्यासमक्ष ठरलं. तीन वाजले. सरकारी वकील आलेच नाहीत. न्यायमूर्तींनी अर्जदाराची बाजू ऐकली आणि हजार हजार रुपयांचे दोन जामीनदार व तेवढाच जातमुचलका घेऊन केशव सिंहला तात्पुरतं सोडलं. खटल्याचा निकाल दिला नाही, नुसता जामीन दिला.

सरकारी वकील तीन वाजता आले असते तर पुढचं रामायण टळलं असतं का, हा माझ्या डोक्यातला जुना किडा आहे. पण ते असो.

दोन दिवसांनी, २१ मार्चला, विधानसभेने ठराव केला. केशव सिंहने, त्याच्या वकिलांनी आणि जामीन देणाऱ्या दोन्ही न्यायमूर्तींनी सभागृहाचा अवमान केला आहे. केशव सिंहला परत तुरुंगात टाका, आणि वकील व न्यायमूर्तींना ताब्यात घेऊन सभागृहापुढे उभं करा. न्यायमूर्तींना ही बातमी त्या संध्याकाळी रेडिओवर कळली. दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्रातही आली. ते तडक अलाहाबादला गेले आणि २३ तारखेला दोघांनी आपल्याच हायकोर्टात रिट अर्ज दाखल केले. न्यायमूर्तीच अर्जदार! त्यांचं ऐकायला अलाहाबाद हायकोर्टाचे ते दोघे सोडून बाकीचे सगळे, एकूण २८ न्यायमूर्ती, एका पीठावर बसले. एवढी खुर्च्यांची रांग कशी मांडली असेल कोण जाणे. त्यांनी ठरावाची अंमलबजावणी थांबवली.

आणि त्याच दिवशी वॉरंटंही निघाली होती, सभागृहाच्या मार्शलच्या आणि लखनौच्या कमिशनरच्या नावाने. नातीचा प्रश्न इथे अक्षरशः जमिनीवर उतरलेला आहे. एकाच सरकारी अधिकाऱ्याच्या नावाने विधानसभेचा हुकूम की न्यायमूर्तींना आणा, आणि हायकोर्टाचा हुकूम की खबरदार. कमिशनर तर ना विधानसभेचा नोकर ना हायकोर्टाचा. तो सरकारचा माणूस.

आता थोडा विचार करा. विधानसभेकडे माणसं किती? मार्शल आणि त्याची तुकडी, फार तर गोंधळ घालणाऱ्या आमदाराला उचलून दाराबाहेर ठेवण्यापुरती. हायकोर्टाकडे? बेलिफ, चोपदार. दोघांकडेही ठाणं नाही, लॉकअप नाही, गाडी नाही. तुम्हाला वेगळं सांगायला नको, धरायचे हात तिसऱ्याकडे असतात, म्हणजे सरकारकडे, म्हणजे शेवटी तुमच्याकडे. पुस्तकातल्या आकृतीत तीन चौकोन आणि मध्ये बाण काढलेले असतात. त्या बाणांच्या जागी खरोखर एक गणवेशातला माणूस हातात कागद घेऊन उभा असतो, हे आकृतीत दिसत नाही. आणि दोन चौकोनांची टक्कर झाली की पहिला चेंगरतो तो.

इंग्रजांच्या देशात तो चेंगरलेला आहेच. १८४० साली लंडनला मिडलसेक्सच्या दोन शेरिफांवर ही पाळी आली. संसदेच्या छापील अहवालात एका प्रकाशकाच्या पुस्तकाला अश्लील म्हटलं गेलं. त्याने संसदेच्या मुद्रकावर, हॅन्सर्डवर, अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो जिंकला. कोर्टाने शेरिफांना पैसे वसूल करायला सांगितले, त्यांनी ते केले. संसद म्हणाली, पैसे परत करा. कोर्ट म्हणालं, दावेकऱ्याला द्या. शेरिफांनी कोर्टाचं ऐकलं आणि कॉमन्स सभागृहाने त्यांना कैदेत टाकलं. ते कोर्टाकडे धावले, तर ज्या कोर्टाचा हुकूम पाळल्याबद्दल ही शिक्षा झाली त्याच कोर्टाने हात वर केले. कारण कैदेच्या वॉरंटवर नुसतं ‘अवमान’ एवढंच लिहिलं होतं, कशाचा ते नाही. आणि कॉमन्सच्या अशा मुक्या वॉरंटच्या मागे कोर्टाने जायचं नाही, असा तिथला रिवाज. न्यायाधीश तरी सुटले होते असं नाही. त्याच्याही दीडशे वर्षं आधी, १६८९ साली, कॉमन्सने दोन माजी न्यायाधीशांना जुन्या निकालाबद्दल कैदेत टाकलं होतं.

हा इतिहास मुद्दाम सांगतोय, कारण लखनौच्या विधानसभेचा सगळा भरवसा त्यावरच होता. आपल्या संविधानाच्या कलम १९४(३) मध्ये तेव्हा लिहिलं होतं की विधिमंडळ आपले विशेषाधिकार कायद्याने ठरवेपर्यंत ते इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहाचे असतील तेच राहतील. मग कॉमन्स न्यायाधीशांना तुरुंगात टाकत असेल तर आम्ही का नाही? युक्तिवाद अगदीच हवेतला नव्हता.

प्रकरण चिघळत चाललं तसं दिल्लीही हलली. २५ मार्चला विधानसभेने एक पाऊल मागे घेतलं: आमचा न्यायमूर्तींना ऐकून न घेताच दोषी ठरवायचा हेतू नव्हता, वॉरंटं मागे घेतो, पण त्यांनी येऊन खुलासा करावा. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी कलम १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाला विचारलं की बाबांनो, यात कायदा काय म्हणतो ते सांगा.

सात न्यायमूर्ती बसले. अध्यक्षस्थानी होते सरन्यायाधीश पी. बी. गजेंद्रगडकर, तुमच्या कराडजवळच्या साताऱ्यात जन्मलेले. सरन्यायाधीश होऊन त्यांना दोन महिनेही झाले नव्हते आणि पानात हे पडलं. उत्तर प्रदेश विधानसभेचे वकील कोण, तर एच. एम. सीरवाई, महाराष्ट्राचे महाधिवक्ता. न्यायमूर्तींच्या बाजूला एम. सी. सेटलवाड. म्हणजे भांडण लखनौचं आणि समोरासमोर उभी मुंबईची वकिली. सीरवाईंनी उभं राहताच सांगून टाकलं की माझं इथे हजर असणं म्हणजे विधानसभेने या मुद्द्यावर या कोर्टाचा अधिकार मान्य केला असं समजू नका. मला ही भूमिका फार आवडते: पाहुणा म्हणून पंगतीला बसतो, पण जेवलो असं लिहून घेऊ नका!

३० सप्टेंबर १९६४ ला मत आलं, सहा विरुद्ध एक. वेगळं मत देणारे न्या. सरकार. बहुमताचा गाभा साध्या भाषेत असा. कॉमन्सची ती मुकी वॉरंटं चालतात, कारण इंग्लंडची संसद मुळात एक न्यायालयच होती आणि न्यायालय न्यायालयाच्या वॉरंटच्या मागे जात नाही. आपल्या विधानसभा कधी न्यायालय नव्हत्या. त्या संविधानातून जन्मल्या, आणि ज्या संविधानाने त्यांना विशेषाधिकार दिले त्यानेच कलम २२६ ने हायकोर्टाला नागरिकाची कैद तपासायचा अधिकार दिला, आणि कलम २११ ने बजावलं की न्यायाधीशांच्या कामातल्या वर्तनाची विधिमंडळात चर्चाही करायची नाही. चर्चा करायची नाही, तिथे बेड्या कुठल्या घालणार? तेव्हा न्यायमूर्तींनी अर्ज ऐकला यात सभागृहाचा अवमान झाला नाही.

सीरवाईंना हे पटलं नाही. पुढे त्यांनी संविधानावर आपला जाडजूड ग्रंथ लिहिला त्यातही हे मत चुकलंच, असं ठामपणे मांडलं.

आणि केशव सिंह? हा भाग नातीला नक्की सांगा, कारण तो पुस्तकात नसतो. सर्वोच्च न्यायालयाचं मत आलं, हायकोर्टाला त्याचा अर्ज ऐकायचा अधिकार आहे हे ठरलं. मग १९६५ च्या मार्चमध्ये हायकोर्टाने तो अर्ज रीतसर ऐकला. आणि फेटाळला. अवमानाबद्दल शिक्षा करायचा अधिकार विधानसभेला आहे, म्हणाले, आणि केशव सिंहने हजर होऊन उरलेली शिक्षा भोगावी. दोन न्यायमूर्ती, अठ्ठावीस न्यायमूर्ती, राष्ट्रपती, सात न्यायमूर्ती, आणि खाली उरलेल्या थोड्याशा कैदेसाठी तुरुंगाच्या दारात परत उभा तो एक कार्यकर्ता.

आपल्याकडच्या समतोलाची खूण मला यातच दिसते. कोर्टाने ‘मी तपासणार’ हा हक्क सोडला नाही, आणि तपासल्यावर विधानसभेचा हक्क नाकारलाही नाही. २००५ साली प्रश्न विचारायला पैसे घेतल्याच्या आरोपावरून संसदेने अकरा खासदारांना काढून टाकलं, तेव्हाही तीच तऱ्हा. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं की संसदेची कारवाई तपासायचा आम्हाला अधिकार आहे, तपासली, हकालपट्टी कायम.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: हायकोर्टाचा लेखी स्थगिती आदेश हातात पडला की वॉरंट बजावायचं नाही. तोंडी निरोपावर जायचं नाही, आदेशाची प्रत घ्यायची, वॉरंटला जोडायची आणि अहवालासह वर साहेबांकडे पाठवायची. ठाण्याच्या डायरीत वेळ टाकायला विसरायचं नाही, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही.

सभागृहाच्या वॉरंटवर कोर्टाचा अंकुश तसा जुनाच. १९५२ साली मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे होमी मिस्त्री यांना याच उत्तर प्रदेश विधानसभेच्या वॉरंटवर मुंबईच्या घरातून उचललं, लखनौला नेऊन हॉटेलात ठेवलं, आठवडाभर दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं नाही, चोवीस तासांचा नियम मोडला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. मात्र कागद सांभाळणाऱ्याची धास्ती अजून गेलेली नाही. अगदी अलीकडे, २०२० मध्ये, एका वृत्तवाहिनीच्या संपादकांवरच्या हक्कभंग प्रकरणात आपल्या विधिमंडळाच्या सहायक सचिवांनी सहीनिशी एक पत्र पाठवलं. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने नोव्हेंबरमध्ये त्यांनाच विचारलं की तुमच्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई का करू नये. डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी ठराव केला की या प्रकरणी न्यायालयाच्या नोटिसांची दखल घ्यायची नाही. सभागृह ठराव करून मोकळं झालं. नोटीस होती ती सही करणाऱ्याच्या नावावर.

प्रश्न : विधानसभेच्या कामकाजात कोर्टाने लक्ष घालायचं नाही असं संविधानातच आहे ना? मग २०२२ मध्ये बारा आमदारांचं निलंबन कोर्टाने कसं रद्द केलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कलम २१२ नीट वाचा. कामकाजाच्या पद्धतीत काही चूक झाली, एवढ्या कारणावरून कोर्टाला शंका काढता येत नाही. बेकायदेशीरपणाला ते कुंपण नाही.

५ जुलै २०२१ ला, दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनात, तालिका अध्यक्षांशी दालनात गैरवर्तन केल्यावरून भाजपच्या बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं गेलं. सत्तेत कोण होतं आणि विरोधात कोण, हे तुम्हाला आठवतंच. ते बाजूला ठेवा, बाजू बदलत असतात. न्या. खानविलकर यांच्या पीठाने २८ जानेवारी २०२२ ला जे म्हटलं त्यातली गंमत वेगळी आहे.

यष्टीत सीटवर रुमाल टाकून माणूस खाली उतरतो. सीट त्याची राहते, पण तिच्यावर तोही नाही आणि दुसऱ्यालाही बसता येत नाही. वर्षभराचं निलंबन म्हणजे तसा रुमाल. आमदाराला सरळ काढून टाकलं असतं तर जागा रिकामी झाली असती, आणि कायद्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक होऊन मतदारसंघाला नवा आमदार मिळाला असता. निलंबित केलं की जागा रिकामी होत नाही, निवडणूक होत नाही, आणि बारा मतदारसंघ वर्षभर सभागृहात बिनआवाजाचे. म्हणजे निलंबन हकालपट्टीपेक्षा कडक झालं, आणि शिक्षा आमदारापेक्षा मतदाराला. सभागृहाला शिस्त लावायचा अधिकार आहे, पण तो त्या अधिवेशनापुरता; त्यापुढचं निलंबन बेकायदा. खुद्द विधानसभेच्या नियमांतही जास्तीत जास्त मजल अधिवेशनाच्या उरलेल्या दिवसांपुरतीच जाते. आणि इथे ते अधिवेशनच दोन दिवसांचं होतं!

प्रश्न : न्यायमूर्तींना सभागृहात उभं करता येत नाही म्हणता. कधीच नाही?
– एक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : विधानसभेत नाही. संसदेत येतं, पण त्याचं दार वेगळं. त्यांनी दिलेल्या निकालाबद्दल नव्हे, सिद्ध झालेल्या गैरवर्तनाबद्दल किंवा अक्षमतेबद्दल, आणि तेही पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावावर. आधी चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत.

न्या. व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात समितीचे अध्यक्ष होते आपले न्या. पी. बी. सावंत. समितीने दोष दाखवले, पण १९९३ च्या मे महिन्यात लोकसभेत १९६ मतं प्रस्तावाच्या बाजूने पडली, विरुद्ध एकही नाही, आणि २०५ सदस्यांनी मतदानच केलं नाही. प्रस्ताव पडला. विरोधात हात वर न करता वाचवायची ती रीत अजून कुणी विसरलेलं नाही.

कलकत्ता हायकोर्टाचे न्या. सौमित्र सेन मात्र ऑगस्ट २०११ मध्ये राज्यसभेच्या कठड्याशी खरोखर उभे राहिले आणि आपली बाजू स्वतः मांडली. केशव सिंहसारखी पाठ त्यांनी केली नाही. चांगले मुद्देसूद बोलले. मतं पडली १८९ विरुद्ध १६, प्रस्ताव संमत. लोकसभेची पाळी यायच्या आत त्यांनी राजीनामा दिला.